बटन दाबलं की पातं ढकललं?

पोस्ट मोठी आहे, निवांत वेळ असेल तेव्हा वाचा. विषय चाकूचा आहे, पण मारामारीचा नाही.

गेल्या गणपतीत रात्री साडेनऊच्या सुमारास फोन आला. "सर, जरा पोलीस ठाण्यात येता का? माझ्याकडं चाकू सापडला म्हणून बसवून ठेवलंय."

फोन करणारा माझा जुना विद्यार्थी. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचो, आता रिटायर झालोय. हा पोरगा शेतात ठिबकची जोडणी करून देतो. दिवसभर पाइप काप, दोरी काप, टेप काप. ऑनलाइन कुठंतरी 'स्प्रिंग असिस्टेड' असं लिहिलेला फोल्डिंग चाकू त्याला दिसला, आवडला, त्यानं मागवला. एका हातात पाइप धरलेला असताना दुसऱ्या हातानं उघडता येतो, एवढंच त्याला हवं होतं. सणाची नाकाबंदी होती, गाडी अडवली, खिसे तपासले आणि चाकू निघाला.

मी गेलो. साहेब तरुण होते, बोलायला चांगले होते. त्यांनी चाकू उघडला, मिटवला, पुन्हा उघडला. खट्, खट्. मग म्हणाले, "सर, हा खटक्याचाच आहे ना? रामपुरीसारखा?"

मी म्हणालो, "साहेब, खटका आहे, पण बटन नाही."

"म्हणजे काय?"

आता गंमत बघा. या 'म्हणजे काय'वर अमेरिकेच्या संसदेला ५१ वर्षांत दोनदा कायदा करावा लागला. इंग्लंडनं याच प्रश्नाचं नेमकं उलटं उत्तर दिलं. न्यूयॉर्कमध्ये हजारो कामगार यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. घरी आल्यावर मला झोप येईना, कारण ठाण्यात मी जे दोन वाक्यांत सांगितलं ते अपुरं होतं. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी यंत्र समजून घेऊ

घरातली बटनाची छत्री आठवा. मिटलेली असताना आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि ती सारखी छत्री उघडायला बघत असते. तिला एका छोट्या खिळीनं अडवून धरलेलं असतं. बटन दाबलं की खीळ सरकते आणि छत्री फाडकन उघडते. तुम्ही छत्रीला हातसुद्धा लावलेला नसतो. स्विचब्लेड म्हणजे बटनाचा चाकू, तो असाच असतो. स्प्रिंग पात्याला बाहेर ढकलत असते, आणि बटन असतं मुठीवर.

आता मोटारसायकलचं साइड स्टँड आठवा. वर असताना स्प्रिंग त्याला वरच धरून ठेवते. तुम्ही पायानं खाली ढकलायला लागलात की आधी ती विरोध करते. एका ठिकाणापलीकडं गेलं की तीच स्प्रिंग बाजू बदलते आणि स्टँड खटकन खाली जातं. स्प्रिंग असिस्टेड चाकू जवळपास या चालीचा आहे. मिटलेला असताना पातं आतच राहू बघतं. पात्यावरच्या घुंडीला किंवा मागच्या छोट्या शेपटीला बोटानं ढकलायचं. पातं थोडं बाहेर आलं, की आतली पिळाची सळई किंवा स्प्रिंग उरलेलं काम करते.

फरक दोन ठिकाणी आहे. एक, चाकू मिटलेला असताना पात्याचा कल कुठं आहे, उघडण्याकडं की मिटण्याकडं? दोन, तुमचं बोट कशावर पडतं, मुठीतल्या बटनावर की थेट पात्यावर?

उघडून झाल्यावर मात्र दोन्ही चाकू सारखेच. तेवढेच लॉक होतात, तेवढेच कापतात, आवाजही जवळपास तोच. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे.

कामाचा चाकू गुंडाचा कसा झाला

बटनाचे चाकू युरोपात फार आधीपासून होते. अमेरिकेत ते घरोघर गेले ते १८९० च्या दशकानंतर, जॉर्ज श्रेड नावाच्या कारागिराच्या पेटंटांमुळं. पुढं १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावी श्रेड बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्या काळात हा चाकू सोयीची वस्तू म्हणून विकला जायचा. एक हात कामात अडकलाय, दुसऱ्या हातानं उघडा. म्हणजे आमच्या ठिबकवाल्याचीच गरज!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांना बटनाचा छोटा चाकू दिला गेला. झाडात दोऱ्या अडकल्या, एक हात गुंतला, तर दुसऱ्या हातानं दोरी कापून सुटता यावं म्हणून. जर्मन छत्रीधाऱ्यांकडं वेगळा प्रकार होता. खटका दाबून चाकू खाली झुकवला की पातं स्वतःच्या वजनानं बाहेर घसरायचं. याला 'ग्रॅव्हिटी नाइफ' म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

युद्ध संपलं. परत येणाऱ्या सैनिकांनी इटलीतून लांब, निमुळते, चकचकीत बटनाचे चाकू आणले. उत्तर इटलीतलं मानियागो हे गाव चाकूंसाठी प्रसिद्ध आहे, तिथला माल नंतर अमेरिकेत आयात होऊ लागला. हे चाकू दिसायलाच वेगळे. पाइप कापायला कुणी असला चाकू घेणार नाही. पोरांनी घेतला.

मग नोव्हेंबर १९५० मध्ये 'वुमन्स होम कम्पॅनियन' या बायकांच्या मासिकात जॅक हॅरिसन पोलॅक यांचा लेख आला. शीर्षकाचा अर्थ 'जीव घेणारं खेळणं'. तुमच्या मुलाच्या खिशात काय आहे, असा त्याचा सूर. हे मासिक घराघरांत जायचं. आयांच्या पोटात गोळा आला. आपल्याकडं व्हॉट्सॲपवर एखादी बातमी फिरली की सोसायटीत जे होतं, तेच देशभर झालं.

पुढची पाच-सात वर्षं सिनेमा-नाटकांनी हे चित्र पक्कं केलं. १९५५ च्या 'रेबेल विदाउट अ कॉज'मध्ये जेम्स डीनची चाकूची मारामारी. १९५७ मध्ये ब्रॉडवेवर 'वेस्ट साइड स्टोरी', त्यात पोर्तोरिकन आणि गोऱ्या पोरांच्या टोळ्या. त्याच वर्षी '१२ अँग्री मेन'. यावरून आपल्याकडं बासू चटर्जींनी १९८६ मध्ये 'एक रुका हुआ फैसला' केला.

'१२ अँग्री मेन' बघितला नसेल तर जरूर बघा. खुनाचा आरोप असलेल्या पोराचा चाकू फार वेगळा आहे, असा दुसरा मिळणं शक्य नाही, असं सगळे धरून चाललेले असतात. तेवढ्यात एक ज्युरर खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलावर रोवतो. त्याच वस्तीतल्या दुकानात विकत घेतलेला. पुढं गरीब वस्तीत वाढलेला दुसरा ज्युरर दाखवतो, की बटनाचा चाकू ज्याला वापरता येतो तो खालून वर चालवतो, वरून खाली नाही. बाकीच्यांना चाकू दिसत होता, यंत्र माहीत नव्हतं. माहीत असलेला तो एकच होता, आणि तो बोलायला लाजत होता.

१९५८ चा कायदा

न्यूयॉर्क राज्यानं १९५४ मध्ये बटनाच्या चाकूवर बंदी आणली. १२ ऑगस्ट १९५८ रोजी देशपातळीवरचा 'स्विचब्लेड कायदा' झाला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात असे चाकू विकायचे नाहीत, बाहेरून आणायचे नाहीत. शिक्षा २,००० डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कायद्यानं व्याख्या केली ती अशी. मुठीतलं बटन किंवा तत्सम काही हातानं दाबल्यावर ज्याचं पातं आपोआप उघडतं, किंवा झटक्यानं अथवा वजनानं उघडतं, तो स्विचब्लेड.

एक सवलतही ठेवली. माणसाला एकच हात असेल तर तीन इंचांपर्यंत पात्याचा असा चाकू तो बाळगू शकतो. म्हणजे एका हातानं चाकू उघडायची खरीखुरी गरज असू शकते, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. पण दोन हातांच्या माणसाचाही एक हात कामात गुंतलेला असतो, हे त्यांनी धरलं नाही.

इंग्लंडनं पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, 'फ्लिक नाइफ' आणि ग्रॅव्हिटी नाइफच्या विक्रीवर बंदी घातली. आणि योगायोग बघा, आपला शस्त्र कायदासुद्धा १९५९ चाच. त्याकडं येतोच.

कायद्याला वळसा

कायद्यात यंत्राचं वर्णन लिहिलं की हुशार कारागीर त्या वर्णनाच्या बाहेर उभं राहणारं यंत्र बनवतो. १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीनं पात्याला गोल भोक पाडलेला चाकू आणला. अंगठा भोकावर ठेवून ढकला, एका हातानं उघडतो. स्प्रिंगच नाही, मग स्विचब्लेडचा प्रश्नच नाही.

१९९० च्या दशकात पुढची पायरी आली. ब्लॅकी कॉलिन्स, केन ओनियन यांच्यासारख्या चाकूकारांनी सुरुवात बोटानं आणि शेवट स्प्रिंगनं अशी रचना केली. ओनियन यांची रचना कर्शॉ कंपनीच्या चाकूंत आली आणि तुफान खपली. सुतार, इलेक्ट्रिशियन, शेतकरी, ट्रकवाले, सगळ्यांच्या खिशात हे चाकू गेले. बटन मुठीत नाही, त्यामुळं कायदेशीर, अशी सगळ्यांची समजूत. सीमाशुल्क खात्यानंही अनेक वर्षं आयात होऊ दिली.

मग मे २००९ मध्ये त्याच खात्यानं जाहीर केलं, की आमचे जुने निर्णय आम्ही मागं घ्यायच्या विचारात आहोत. पातं थोडं ढकललं की पुढं ते आपोआपच उघडतं ना? मग हा स्विचब्लेडच.

खात्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. 'आपोआप' हा शब्द कायद्यात होता आणि शेवटचा टप्पा आपोआपच होत होता. पण परिणाम काय झाला असता बघा. काल दुकानातून बिल घेऊन आणलेला चाकू आज बंदीच्या यादीत. चाकूत काही बदललं नव्हतं, माणसात काही बदललं नव्हतं. ऑफिसात बसून एका शब्दाचा अर्थ बदलायचा बेत होता, एवढंच.

आरडाओरडा झाला. कारखानदार, दुकानदार, चाकूवाल्यांच्या संघटना आणि दोन्ही पक्षांचे खासदार एकत्र आले. ऑक्टोबर २००९ मध्ये अर्थसंकल्पाच्या एका विधेयकात कलम घालून १९५८ चा कायदा दुरुस्त झाला. नवं वाक्य साधारण असं: ज्याच्या रचनेत पातं मिटण्याकडं कल ठेवणारी स्प्रिंग किंवा तशी योजना आहे, आणि तो कल मोडायला हाताचा जोर थेट पात्यावर लावावा लागतो, त्याला हा कायदा लागू नाही.

साइड स्टँडची गोष्ट कायद्याच्या भाषेत लिहिली की अशी होते.

एकच चाकू, तीन गावं

अमेरिकेनं सोडलेला हाच चाकू इंग्लंडनं धरला. २०१९ च्या कायद्यानं तिथं फ्लिक नाइफची व्याख्या रुंदावली. मिटलेल्यापासून पूर्ण उघडा असो की अर्धवट उघड्यापासून पूर्ण उघडा, बटन, स्प्रिंग किंवा तत्सम गोष्टीमुळं पातं आपोआप उघडत असेल तर तो फ्लिक नाइफ. 'अर्धवट उघड्यापासून' या शब्दांत असिस्टेड चाकू अचूक सापडतो. जुलै २०२१ पासून तो घरात ठेवणंही गुन्हा आहे. तिकडं शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावं.

न्यूयॉर्कची गोष्ट मला जास्त टोचते. ग्रॅव्हिटी नाइफवर तिथं १९५० च्या दशकापासून बंदी होती. मूळ रोख त्या जर्मन पद्धतीच्या चाकूवर. पण पोलीस पुढं साधा फोल्डिंग चाकू हातात घेऊन मनगटाला जोरात झटका द्यायचे. पातं उघडलं की गुन्हा. आता कुठलाही जरा सैल झालेला चाकू ताकदवान मनगटानं उघडेल! स्क्रूचा ताण किती असावा हे फिटरला विचारा. दुकानांत उघडपणे मिळणाऱ्या चाकूंसाठी हजारो लोक पकडले गेले, त्यांत काळे आणि लॅटिनो कामगार फार. अखेर २०१९ मध्ये फेडरल न्यायालयानं कायदा संदिग्ध ठरवला आणि त्याच वर्षी मे महिन्यात राज्यानं बंदी उठवली. तोवर कित्येकांच्या नावावर गुन्हा चढला होता.

आणि आपण?

आपल्या शस्त्र नियमांत बटन, स्प्रिंग यांचा घोळ नाही. तिथं माप आहे. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर ते शस्त्रात मोडतं. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत.

दिल्लीत मात्र १९८० ची वेगळी अधिसूचना आहे. स्प्रिंगचे, 'गरारीदार', 'बटनदार' आणि इतर कुठल्याही यांत्रिक योजनेनं उघडणारे-मिटणारे चाकू, पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल, तर त्यात येतात. ७.६२ सेंटीमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. आमच्या पोराचा चाकू साडेतीन इंची. दिल्लीच्या नाकाबंदीत सापडला असता तर 'बटन नाही' या माझ्या युक्तिवादाला कुणी चहासुद्धा पाजला नसता.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१). सण, निवडणूक, मोर्चे असले की या कलमाखाली मनाई आदेश निघतो, पेपरात कोपऱ्यात छोटी बातमी येते. त्यात शस्त्रं, लाठ्या, काठ्या यांच्याबरोबर चाकूही असतो. चाकू म्हणजे चाकू. बटन, स्प्रिंग, अंगठा असा काही भेद नाही. आदेश लागू असताना खिशात बाळगलात तर अडचणीत येऊ शकता.

आणि वस्तूला गुंड ठरवण्याची सवय आपल्यालाही आहेच. हिंदी सिनेमानं रामपुरीला खलनायक केलं. त्याच रामपूर शहरानं २०२३ मध्ये चौकात भला मोठा चाकू उभारला, आमच्या कारागिरीची ओळख म्हणून. इकडं पुण्यात 'कोयता गँग'च्या बातम्या गाजल्या. त्या गुन्ह्यांची भीती खरी आहे, ज्यांच्यावर वार झाले त्यांना जाऊन विचारा. पण त्याच कोयत्यावर लाखो ऊसतोड कामगारांची चूल पेटते. हंगाम संपवून कोयता पिशवीत घालून घरी निघालेल्या बाईकडं आपण काय म्हणून बघणार?

ठाण्यात शेवटी काय झालं

मी साहेबांना छत्री आणि साइड स्टँड सांगितलं. त्यांनी दोनदा चाकू उघडून बघितला, हसले आणि म्हणाले, "सर, फरक कळला. पण खटका कुणाचा ते मला नका सांगू. हा खिशात कशाला लागतो, तेवढं याला सांगू दे."

पोरानं गाडीची डिकी उघडून कामाची पिशवी आणली. ठिबकचे तुकडे, जॉइनर, टेफ्लॉन टेप, दोन पाने, हिशेबाची वही. साहेबांनी वही चाळली, कुणाच्या शेतात काम झालं ते विचारलं, त्या शेतकऱ्याला फोन लावला. मग नोंद केली, चाकू ठेवून घेतला, आदेश वाचून दाखवला आणि समज देऊन सोडलं.

त्या रात्री तिथं दुसरा कुणी अधिकारी असता तर? किंवा पिशवी घरी राहिली असती तर? हा विचार करून आजही पोटात कालवतं. पोराचं लग्न ठरलंय. नावावर गुन्हा घेऊन मांडवात उभं राहायची वेळ आली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. यंत्राकडं बघून कायदा करणं सोपं असतं, कारण यंत्र मोजता येतं. हेतू मोजता येत नाही, तो विचारावा लागतो. तपासावा लागतो, फोन लावावा लागतो. अमेरिकेनं स्प्रिंगचा कल कुठं आहे याची व्याख्या केली. माणसाचा कल कुठं आहे, हे मात्र आमच्या ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं. असं विचारणं साहेबांच्या स्वभावावर सोडू नये. आदेशातच लिहावं, की कामाचं हत्यार कामाच्या सामानासोबत असेल तर आधी खात्री करावी.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. ऑनलाइन विकतंय म्हणजे खिशात घालून फिरायला परवानगी आहे असं नाही. कामाचा चाकू कामाच्या पिशवीत ठेवा, खिशात नको. सणासुदीला, निवडणुकीत मनाई आदेश आहे का ते आधी बघा. दिल्लीला जाताना तर असला चाकू घरीच ठेवा. आणि चारचौघांत खट् खट् करून दाखवायची हौस असेल, तर बटनाची छत्री घ्या. पाऊसही आहे.

तुमच्यापैकी कुणाला कामाच्या हत्यारावरून असा अनुभव आला असेल तर खाली लिहा. सुतार, गवंडी, ऊसतोडवाले, केटरिंगवाले, सगळ्यांनी लिहा. नावं घेऊ नका, प्रसंग सांगा. चार प्रसंग जमले तर तहसीलदारांकडं निवेदन घेऊन जाऊ.